नेपाळच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जाताना: मुलांना अडचणी सोडवायला शिकवण्याचा टप्प्याटप्प्याचा क्रम

नेपाळातल्या डोंगराळ भागातल्या सरकारी शाळांत दोन-तीन आठवडे शिकवायला जाणारी मराठी मुलंमुली आता बरीच दिसतात. त्यातल्या बहुतेकांना ‘क्रिएटिव्ह प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ शिकवायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं, तर पाहुणा एक कोडं घालतो आणि मुलं त्याच्या चेहऱ्याकडे बघत त्याच्या मनातलं उत्तर ओळखू पाहतात. कोणीतरी ते ओळखतं, टाळ्या पडतात, फोटो निघतो. यात मुलांनी कुठलीच अडचण सोडवलेली नसते, त्यांनी फक्त पाहुणा ओळखलेला असतो.

खाली दिलेला क्रम सहावी ते आठवीच्या वर्गासाठी आहे. तीस-चाळीस मुलं, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची तासिका आणि तीन आठवड्यांचा मुक्काम एवढं गृहीत धरलं आहे. दिवस कमी असतील तर उपक्रम कमी करा, टप्पे गाळू नका.

## टप्पा १: निघण्याआधीची कागदपत्रं आणि तारखा

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे शाळेत शिकवायलाही काही लागत नसेल असं लोक धरून चालतात. २०१५ च्या संविधानानंतर तिथलं शालेय शिक्षण स्थानिक सरकारकडे, म्हणजे नगरपालिका किंवा गाउँपालिकेकडे आलं आहे. शाळेच्या प्रधानाध्यापकांचं पत्र घ्या, व्यवस्थापन समितीला कळवलं आहे ना ते विचारा, आणि पालिकेच्या शिक्षण शाखेला माहिती दिली आहे का याची खात्री करा. मधल्या संस्थेने ‘सगळं आम्ही बघतो’ म्हटलं तरी पत्राची प्रत स्वतःकडे हवी.

ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. प्रौढांना आधार कार्डावर प्रवेश मिळेल असं समजून विमानतळावर अडकणारे दर मोसमात असतात.

तारखा ठरवताना कॅलेंडर दोनदा बघा. शाळेचा सगळा व्यवहार विक्रम संवतात चालतो आणि तो इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षं पुढे आहे. त्यांचे महिने सौर आहेत, त्यामुळे त्यांचा मंसिर आणि आपला मार्गशीर्ष एकाच दिवशी सुरू होत नाहीत. प्रत्येक तारीख दोन्ही पद्धतींनी लिहून मागवा. शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि पहिले काही आठवडे प्रवेशाच्या धांदलीत जातात. दसैं-तिहारच्या (आपल्या दसरा-दिवाळीच्या) सुट्ट्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास येतात, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा. ऐन पावसाळ्यात डोंगरात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. मधल्या डोंगरपट्ट्यासाठी जेठ (मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत) किंवा मंसिर (नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत) हे दोन महिने मला सगळ्यात सोयीचे वाटतात. शनिवार साप्ताहिक सुट्टीचा आणि रविवार शाळेचा, ही तिथली बराच काळची पद्धत राहिली आहे. तुमच्या शाळेचं वेळापत्रक तरी विचारून घ्या.

सावध: ‘अनाथ मुलांना शिकवा’ अशी जाहिरात असेल तर जाऊ नका. आईवडील हयात असलेली मुलंही पाहुण्यांच्या पैशासाठी बालगृहांत ठेवली जातात, हे नेपाळात वारंवार उघड झालं आहे. गावातली नियमित शाळा निवडा. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, हे दोन नियम स्वतःला घालून घ्या.

## टप्पा २: पिशवीत काय घ्यायचं

चकचकीत खेळसंच नेऊ नका. ते तुमच्याबरोबर परत येतात किंवा मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होतात. ज्या वस्तू शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात, त्यांवरच सगळं बसवा: खोक्यांचा पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रं, सुतळी, बांबूच्या कामट्या, मैद्याची खळ, खडू.

घरून नेण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. पाचव्या टप्प्यात काडेपेटीच्या काड्या जोडायला ती लागते. ती बारीक काळी रबरी नळी सायकल दुरुस्तीच्या दुकानात वेटोळ्यांनी मिळते. डोंगरी गावात सायकलीच नसतात, त्यामुळे ती तिथे शोधत बसावं लागतं. दहा-बारा मीटर घेतलीत तरी पिशवीच्या कोपऱ्यात मावते. काडेपेट्या मात्र विमानाच्या सामानात ठेवू नका. तिथल्या कोणत्याही किराणा दुकानात ‘सलाई’ मागितली की मिळते.

## टप्पा ३: पहिले तीन दिवस मागच्या बाकावर

हा टप्पा सगळेजण गाळतात. पोचल्या दिवशीच ‘चला, वर्ग घेऊ’ असा आग्रह शाळेकडूनही होतो. नम्रपणे नाही म्हणा आणि वर्गात मागे बसा.

बसून काय बघायचं? शिक्षकांनी ‘बुझ्यो?’ (समजलं?) विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘बुझ्यो!’ म्हणतो. तो सूर कोण धरतं, कोण नुसते ओठ हलवतं, ते बघा. मधल्या सुट्टीत मुलं आपापसात नेपाळी बोलतात की तामाङ, मगर किंवा गुरुङ, ते ऐका. नळावर रांग कशी लागते, मुली कुठे बसतात, कोणत्या बाकाचा पाय मोडलेला आहे, हे टिपून ठेवा. पुढच्या सगळ्या टप्प्यांचा माल इथूनच येणार आहे.

भाषेबद्दल दोन गोष्टी. नेपाळी देवनागरीत असल्यामुळे फळ्यावरचं आपल्याला वाचता येतं, आणि त्यातून आपल्याला भाषा येते असा गैरसमज होतो. दुसरं, टीव्हीमुळे हिंदी कळते म्हणून वर्ग हिंदीत रेटायचा मोह होतो. तसं करू नका. मोठ्या मुलांना कळेलही, पण विचार हिंदीत करता येईलच असं नाही, आणि काही शिक्षकांना ते रुचतही नाही. वर्ग स्थानिक शिक्षकांबरोबर जोडीने घ्या. तुम्ही नेपाळीतले चारच प्रश्न पाठ करा: ‘किन?’ (का?), ‘अनि?’ (मग?), ‘अरू के?’ (आणखी काय?), ‘देखाऊ त’ (दाखव बघू). मुलांना भाइ, बहिनी म्हणा. शिक्षकांना सर, मिस.

तपासा: तिसऱ्या दिवसाअखेर निदान दहा मुलांची नावं आणि वर्गातल्या पाच खऱ्या अडचणी तुमच्या वहीत आहेत का? नसतील तर आणखी एक दिवस बसा.

## टप्पा ४: शिक्षकांशी बोलणी

जोडीच्या शिक्षकांशी वर्गाबाहेर, चहा घेत, तासभर बोला. तीन गोष्टी ठरवून घ्यायच्या: आठवड्यात कोणत्या तासिका मिळतील, वर्गात गोंगाट होईल तेव्हा कोण काय करेल, आणि तिसऱ्या आठवड्यात वर्ग ते स्वतः चालवतील. शेवटची गोष्ट आत्ताच कबूल करून घ्या. नंतर ‘तुम्हीच छान घेता’ म्हणून ते मागे सरतात आणि तुम्ही निघाल्याबरोबर सगळं थांबतं.

त्यांच्या अभ्यासक्रमाला धक्का लागणार नाही असं नुसतं सांगून भागत नाही, ते दाखवावं लागतं. कुठला उपक्रम विज्ञानात बसतो, कुठला नेपाळीच्या लेखनात, याची चिठ्ठी करून त्यांच्या हातात द्या.

## टप्पा ५: हात मोकळे करणारा पहिला तास

थेट अडचणींवर येऊ नका. ज्या मुलांना आजवर एकाच बरोबर उत्तराची सवय आहे, त्यांना आधी ‘इथे चुकलं तरी चालतं’ हे हाताने अनुभवू द्या. साध्या वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे आपल्याकडे पोचलेली काडी-नळीची जोडणी यासाठी उत्तम आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात गेलेल्यांनी ती हाताळलेली असेल.

१. काड्यांचा गूल आधी खरवडून टाका. हे काम मोठ्यांनी करायचं.
२. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी घातली की सांधा झाला.
३. प्रत्येक गटाने एक त्रिकोण आणि एक चौरस चौकोन करायचा.
४. दोन्ही आकार बोटांनी दाबून बघा. त्रिकोण हलत नाही, चौकोन कलतो.
५. आता गटाला एकच वाक्य सांगा: ‘चौकोन चौकोनच राहिला पाहिजे आणि हललाही नाही पाहिजे.’

बहुतेक गट समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये पाचवी काडी घालू बघतात. त्यासाठी नळीला मधोमध काट्याने भोक पाडावं लागतं, ते दाखवून द्या. पण काडी आखूड पडते. चौरस चौकोनाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो, त्यामुळे एका काडीत तो भागत नाही आणि चौकोन कलून पतंगासारखा होतो. इथे तुमची कसोटी आहे. उत्तर ओठांवर आलेलं असतं, ते गिळा. कोणी बांबूची लांब कामटी कापून आणेल, कोणी दोन काड्या नळीने जोडेल आणि ती जोड वाकते म्हणून पुन्हा डोकं खाजवेल, कोणी खाली पुठ्ठा चिकटवून मोकळं होईल. पुठ्ठ्यावाल्यालाही ‘हे नाही चालणार’ म्हणू नका. चौकोन हलतोय का, एवढंच विचारा.

सावध: सर्वांत आधी झालेल्या गटाला बक्षीस देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून मुलं एकमेकांची नक्कल करू लागतात.

## टप्पा ६: अडचण निवडणं

अडचण मुलांच्या रोजच्या जगण्यातली हवी, डोळ्यांनी दिसणारी हवी आणि आठवड्याभरात काहीतरी करून बघता येईल एवढी लहान हवी. ‘प्रदूषण’, ‘बेरोजगारी’ हे निबंधाचे विषय झाले. ‘नळाखाली चिखल होतो’, ‘पहिलीच्या मुलांचे डबे सांडतात’, ‘पाऊस पडला की सरांचं ऐकू येत नाही’ हे चालतील.

पुढच्या टप्प्यांसाठी हे शेवटचं उदाहरण घेऊ. पत्र्याच्या छपराची शाळा आणि दुपारची सर, हे तिथे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पाऊस सुरू झाला की शिक्षक फळ्यावर काहीतरी लिहितात, मग थांबतात, आणि वर्ग खिडकीतून बाहेर बघत बसतो.

सावध: शौचालयाला दार नाही, शिक्षक येत नाहीत, घरी मारतात, असे विषय मुलांकडून आले तर ते वर्गात उपक्रम म्हणून घेऊ नका. ऐका, लिहून ठेवा आणि प्रधानाध्यापकांशी वेगळं बोला.

## टप्पा ७: अडचण समजून घेणं, आणि इथेच थांबणं

एकूण वेळेतला निम्मा वेळ या टप्प्याला द्या. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, कारण पहिल्याच मिनिटाला कोणीतरी ‘छप्पर बदला’ म्हणतं, पाहुणा ‘छान कल्पना!’ म्हणतो आणि गाडी थेट उपायांवर जाते.

उपाय सुचवणाऱ्याला गप्प करू नका. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखा, त्यात तो उपाय लिहा आणि ‘हे नंतर’ म्हणा. मग मुलांना मोजायला लावा.

खरा पाऊस आला तर सोनं. शिक्षकांनी नेहमीच्या आवाजात दहा शब्द सांगायचे, मुलांनी ऐकू येतील तसे लिहायचे. नंतर वह्या रांगेप्रमाणे लावा आणि कोणत्या रांगेत किती शब्द बरोबर आले ते फळ्यावर मांडा. पाऊस नसेल तर अर्ध्या वर्गाने तळव्यांनी बाकं बडवायची आणि उरलेल्यांनी लिहायचं. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिकडचे शिक्षक काय झालं ते बघायला धावत येतील.

त्याच वेळी तीन-तीन मुलांचे गट वेगवेगळ्या लोकांकडे पाठवा. एक छपराचं काम करणाऱ्या मिस्त्रींकडे, एक शाळेत सगळ्यात जुन्या असलेल्या मिसकडे, एक धाकट्या वर्गांकडे. प्रत्येकाला तीनच प्रश्न: केव्हा होतं, तेव्हा तुम्ही काय करता, आधी काय करून बघितलं होतं? ‘काय करावं?’ हा प्रश्न विचारू द्यायचा नाही. पत्र्यावर पराळ (भाताचा पेंढा) टाकून बघितलं होतं, ते कुजलं आणि पत्र्याला गंज चढला, असली माहिती मिस्त्रींकडूनच कळते.

आता प्रश्न पुन्हा मांडायचा. एकाच अडचणीचे निदान चार प्रश्न गटांकडून लिहून घ्या:

छपराचा आवाज कमी कसा होईल?
आवाज असताना मागच्या रांगेला कसं कळेल?
न बोलता तास कसा चालू राहील?
पावसाच्या वेळी ऐकण्याची गरजच नसलेलं काय करता येईल?

पहिला प्रश्न पैशांवर जाऊन थांबतो. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मात्र मुलांच्या हातातली उत्तरं आहेत. हा फरक तुम्ही समजावू नका. चारही प्रश्न फळ्यावर ठेवा आणि ‘यातला कोणता आपण स्वतः हाताळू शकतो?’ असं विचारा.

तपासा: वर्गाबाहेरच्या एखाद्या माणसाला मुलं ही अडचण एकाही उपायाचा उल्लेख न करता सांगू शकतात का? सांगू शकत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ८: भरपूर कल्पना, आधी लिहून

मोठ्याने कल्पना सांगायला लावलं की चार हुशार मुलं बोलतात, आणि त्यात बहुधा मुलगेच असतात. म्हणून सुरुवात शांततेत करा. पाच जणांचा गट, प्रत्येकाकडे एक कागद. तीन मिनिटांत दोन कल्पना लिहा किंवा चित्र काढा, मग कागद डावीकडे द्या. आलेल्या कागदावरची कल्पना वाचून तिच्यात भर घाला किंवा नवी लिहा. कागद फिरून मूळ मालकाकडे आला की थांबा. गटात कोणत्याही भाषेत बोलू द्या. नेपाळीत फक्त शेवटी मांडायचं.

मधल्या फेरीत कल्पना आटतात. तेव्हाच बहुतेक पाहुणे उपक्रम थांबवतात. ‘अरू के?’ म्हणा आणि वाट बघा. आटल्यानंतर जे येतं त्यात गंमत असते: हाताच्या खुणा, पावसाळी तासासाठी मुलांनीच आधी बनवून ठेवलेल्या प्रश्नचिठ्ठ्यांची पिशवी, बाकं नालासारखी वळवून सगळ्यांना फळ्याजवळ आणणं, जोडीजोडीने कानाशी वाचन.

या टप्प्यात कोणतीही कल्पना चांगली किंवा वाईट म्हणायची नाही. हा नियम शिक्षकांना आणि स्वतःला जास्त लागू आहे. कौतुकही निवाडाच असतो, एकाला ‘वा!’ म्हटलं की बाकीचे तसंच लिहितात.

## टप्पा ९: निवड

गटांच्या कल्पना भिंतीवर लावा. प्रत्येक कल्पनेला तीन प्रश्न: आपण स्वतः करू शकतो का? शुक्रवारपर्यंत करून बघता येईल का? चाललं की नाही हे कसं कळेल? तिन्ही ‘हो’ नसतील ती कल्पना बाजूला ठेवा, फेकू नका.

उरलेल्यांवर मतदान. हात वर करायला लावलंत तर सगळे वर्गनायकाकडे बघतील. प्रत्येकाला मक्याचे तीन दाणे द्या, कल्पनांपुढे वाट्या ठेवा आणि एकेकाला वर्गाबाहेरून आत बोलवा.

सावध: ‘लागतील ते पैसे मी देतो’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. त्यानंतर वर्गात एकच कल्पना शिल्लक राहते: पाहुण्यांकडून काय मागायचं.

## टप्पा १०: करून बघणं, मोडणं, पुन्हा करणं

पहिला नमुना एकाच तासिकेत झाला पाहिजे, ओबडधोबड. चिठ्ठ्यांची पिशवी निवडली असेल तर भरतकाम केलेली पिशवी नको, जुन्या वर्तमानपत्राची चालेल. चिठ्ठ्या मात्र खऱ्या हव्यात. मग पुन्हा बाकं बडवा आणि तास चालवून बघा. हाताच्या खुणा निवडल्या असतील तर तीच दहा शब्दांची चाचणी पुन्हा घ्या आणि रांगेप्रमाणे आधीच्या आकड्यांशेजारी नवे आकडे मांडा.

पहिली खेप फसते. चिठ्ठ्या एवढ्या सोप्या असतात की पाच मिनिटांत संपतात, किंवा मागून खुणाच दिसत नाहीत. फसल्यावर गटाने तीन ओळी लिहायच्या: काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, आता काय बदलायचं. या तीन ओळींसाठी नेपाळीच्या शिक्षकांची तासिका मागा. ते आनंदाने देतात, कारण लेखनाचा सराव आयताच होतो. दुसरी खेप झाल्याशिवाय उपक्रम संपला असं म्हणू नका, त्यासाठी सुरुवातीचा एखादा उपक्रम रद्द करावा लागला तरी चालेल.

## टप्पा ११: शिक्षकांच्या हाती देणं

तिसऱ्या आठवड्यात नवी अडचण घ्या आणि सहा ते दहा हे टप्पे जोडीच्या शिक्षकांना चालवू द्या. तुम्ही पुन्हा मागच्या बाकावर. ते घाई करतील, एखादा टप्पा गाळतील, उत्तर सांगून टाकतील. वर्गात टोकू नका. नंतर चहाच्या वेळी एकच गोष्ट बोला, दहा नको.

मुलं शिकली का, हे बघायला लेखी परीक्षा घेऊ नका. नवी अडचण समोर आल्यावर किती मुलं उपायाआधी प्रश्न विचारतात, ते मोजा. पहिल्या आठवड्यातल्या तुमच्या टिपणांशेजारी ते लिहा आणि प्रत शाळेला द्या.

मागे ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: नेपाळीत लिहिलेलं एका पानाचं टप्प्यांचं टिपण, वर्गाची अडचणींची वही, आणि उरलेली नळी. सामान कुठून आणलं त्या दुकानांची यादी टिपणाच्या मागे लिहा. तारखा विक्रम संवतात.

निरोपाच्या दिवशी कुठलीही तासिका ठरवू नका. टीका (कपाळावरचा टिळा), माळा, भाषणं आणि नाच यांत निदान अर्धा दिवस जातो, आणि तुमचा बसचा वेळ वेगळाच. शेवटचा वर्ग त्याच्या दोन दिवस आधी उरकून घ्या.